तोंड दाखवायचा वार

दहिसरच्या त्या चाळीतून पालिकेच्या दवाखान्यात जायची सरळ वाट सहा मिनिटांची. चाळीच्या तोंडाशी हर्षदभाईचं किराणा दुकान, मग विद्याधरचं मेडिकल, पुढे शर्मिष्ठाचं शिवणकामाचं दुकान, आणि नाक्यावर वळलं की दवाखाना. पण श्वेता तीन महिन्यांची लेक घेऊन माहेराहून, मालाडहून, परत आली तेव्हापासून पोरीच्या वजनाला जाताना सासूबाई, शेवंतीबाई, तिला नदीच्या बाजूने नेत. सार्वजनिक नळाच्या मागून, भंगारवाल्यांच्या पत्र्यांना लागून, पुलावर चढून आणि परत उतरून. चांगली पंचवीस मिनिटं. शेवंतीबाईंचे गुडघे दुखरे. पुलाच्या चढावर त्या दोनदा थांबत आणि म्हणत, "जरा वारो घेतंय." त्या नदीला वारा कमी आणि वास जास्त, पण एखाद्याची आवड म्हणून श्वेताने कधी विचारलं नाही.

साडेतीन महिन्यांच्या लशीच्या डोसच्या दिवशी मात्र ऊन असं होतं की डांबर चपलेला चिकटत होतं. लेकीच्या डोक्यावर ओढणी धरून श्वेता चाळीबाहेर पडली आणि सरळ उजवीकडे गल्लीत वळली. मागून तिच्या कुर्त्याची बाही ओढली गेली.

"तिकडसून नको गो."

"का आई? ऊन बघा ना. पोरगी भाजतेय."

शेवंतीबाईंनी गल्लीकडे पाहिलं नाही. पायातली चप्पल नीट करायला वाकल्या आणि खालच्या मानेनेच म्हणाल्या, "हर्षद बसलेलो आसतलो."

एवढ्यावरून श्वेताला सगळं कळलं, आणि कळल्यावर आपल्याला इतके दिवस कळलं कसं नाही याची लाज वाटली.

लेक, प्रांजल, आठव्या महिन्यातच झाली होती. नऊ दिवस ती काचेच्या पेटीत, एवढीशी, हाताला सुई टोचलेली. त्याच सुमारास श्वेताचा नवरा निलेश ज्या ठेकेदाराकडे एसी दुरुस्तीचं काम करायचा, त्याने थंडीचं कारण सांगून दोन महिने कामावरच्या पोरांना घरी बसवलं. नर्सिंग होमचं बिल निलेशने होतं नव्हतं ते मोडून भागवलं. पण रोज खायचं असतं, औषध घ्यायचं असतं. श्वेता माहेरी अंग शेकत होती तेव्हा इकडे शेवंतीबाई वाण्याकडे लिहायला सांगत होत्या. हर्षदभाईचे चार हजार दोनशे. विद्याधरकडे पोरीसाठी मालाडला पाठवलेल्या दुधाच्या पावडरचे आणि थेंबांचे सोळाशे पन्नास. शर्मिष्ठाकडून हातउसने सहा हजार. गल्लीतली तीन दुकानं आणि तीन देणी, म्हणून गल्ली बंद.

त्या दिवशीही त्या पुलावरूनच गेल्या.

आणि खरं सांगायचं तर बंद गल्ली श्वेतालाही एक होती, फक्त ती कुणाला दिसत नव्हती. माहेरी असताना पोरीचे डोळे तपासायला मोठ्या डॉक्टरांकडे न्यायचं होतं. कमी दिवसांच्या बाळांचे तपासतात. माहेरी तरी किती मागायचं? फोनवर एका ॲपची जाहिरात आली. पाच हजार मागितले, हातात तीन हजार नऊशे आले, बाकीचे कसले कसले चार्ज म्हणून आधीच कापले. पंधरा दिवसांत पाच हजार परत. नाही जमलं, तर आठशे भरा आणि अजून पंधरा दिवस घ्या. आठशे भरून झाले, परत आठशे भरून झाले, आणि पाच हजार आपले जिथल्या तिथे. हे निलेशला माहीत नव्हतं, सासूबाईंना तर नव्हतंच. पोरीचे डोळे चांगले निघाले होते. त्या डोळ्यांत पाहताना श्वेताला दरवेळी आनंद व्हायचा आणि त्याला लागूनच पुढच्या आठशेची तारीख आठवायची.

डोस देऊन आल्यावर पोरगी थोडं रडून झोपली. शेवंतीबाई सुका जवळा निवडायला बसल्या होत्या. निवडता निवडता, कुणी विचारलं नसताना, बोलायला लागल्या.

"गिरण बंद पडली तेव्हा आमी लालबागेक. खंडूशेट वाण्याचे तीनशे ऐंशी रुपये आमच्यार. तेव्हाचे तीनशे ऐंशी हां. तुझे सासरे रोज रेल्वेच्या भिंतीमागसून घराक येत. दुकानावरसून नाय. खंडूशेट काय बोलणारो माणूस न्हय, पण ह्यांकाच तोंड दाखवूची लाज." जवळ्यातला एक खडा त्यांनी बाजूला टाकला. "मगे वॉचमनची नोकरी लागली. पयल्या पगाराचे पैसे रुमालात बांधून गेले. तर त्या जाग्यार कॅसेटींचा दुकान. खंडूशेट जावन दहा म्हयने झालेले. झिल गावाक निघान गेलेलो. कोणी सांगूकच नाय, कारण आमी त्या वाटेन जावकच नाय."

"म्हणजे दहा महिने…"

"मेलेल्या माणसाक चुकवत फिरले," शेवंतीबाई म्हणाल्या. "ते पैसे ह्यांनी मारुतीच्या पेटयेत टाकले. पण मारुती काय खंडूशेट न्हय. शेवटपर्यंत म्हणी, शेवंते, एक देणा रवला."

आणि मग त्यांचा हात जवळ्यावरच थांबला. दुसऱ्याची म्हणून सांगायला घेतलेली गोष्ट अर्ध्यावर आपलीच निघावी, तसा त्यांचा चेहरा झाला.

"आणि मी तरी दुसरा काय करतंय?" त्या म्हणाल्या. जवळा झाकून ठेवला, हात धुतले. "शनिवारी जातलंय. तिगांकडेय."

"पैसे?"

"आसले तर पैसे. नसले तर नुसता तोंड."

शनिवारी दुपारी त्यांनी इस्त्रीची साडी नेसली, पदर खांद्यावरून ओढून घेतला आणि उंबऱ्यात दोन मिनिटं उभ्या राहिल्या. तेव्हा श्वेताला कळलं की त्यांना भीती वाटतेय. टॉवरमधल्या दोन घरांच्या पोळ्या एकटीने लाटणारी ही बाई, नवऱ्याच्या आजारपणात त्यांना पाठीवर घेऊन तीन मजले उतरलेली, ती समोरच्या वाण्याला घाबरत होती. "चल गो तू पण," त्या पोरीकडे बोट दाखवत म्हणाल्या. "चेडवाक घे. बरा वाटतला."

इथेच चूक झाली. पण ती चूक चांगली होती, हे सांगायला पाहिजे.

हर्षदभाई गिऱ्हाईक करत होता. शेवंतीबाई बाजूला उभ्या राहिल्या नाहीत. रांगेत उभ्या राहिल्या, आणि नंबर आल्यावर काउंटरवर शंभराची नोट ठेवली.

"हर्षदभाय, चार हजार दोनशेतले शंभर. पुढच्या शनिवारी परत येते. पैसे असले तर पैसे आणीन, नसले तर तसं सांगायला येईन. लपणार नाही. आणि आजपासून लिहायचं बंद. अर्धा किलो घेतलं तरी रोख."

हर्षदभाईने नोटेकडे पाहिलं, शेवंतीबाईंकडे पाहिलं. "मावशी, तुमी महिनाभर दिसलाच नाय. मला वाटलं गावाला गेल्या. आता समजलं. माझ्या चार हजारांसाठी तुमी नदीवरून फिरत होत्या?"

"वारा घेत होते."

"त्या नदीवर? मावशी, त्या वाऱ्याने माणूस आजारी पडेल, मग विद्याधरचं बिल वाढेल." तो हसला, आणि हसता हसता त्याचं लक्ष श्वेताच्या खांद्यावर गेलं. "आणि ही? निलेशची बेबी? एवढी मोठी झाली आणि मला दाखवली नाय?" त्याने गल्ल्यातून शंभराची नोट काढली, वर एक रुपयाचं नाणं ठेवलं आणि पोरीच्या मुठीत कोंबलं. "पहिल्यांदा तोंड बघितलं ना. रिकाम्या हाताने बघत नसतात."

प्रांजलने नोट घट्ट धरली आणि तोंडात घालायला घेतली.

विद्याधरने पन्नास घेतले आणि पोरीच्या हातावर एक्कावन्न ठेवले. शर्मिष्ठाने तर शंभर घेऊन दोनशे एक ठेवले आणि वर झबल्याचं कापड दिलं. "काकी, सहा हजारांसाठी माझ्यापासून बाळ लपवलंत होय? मी काय पोरगी गहाण ठेवून घेणार होते?" असं मोठ्याने म्हणून घेतलं, गिऱ्हाइकांसमोर.

घरी येऊन शेवंतीबाईंनी पोरीचे पैसे मोजले. "फेडूक गेलंव अडीचशे, आणि घेवन इलंव साडेतीनशे तीन. हसा नको. ह्यापुढे शनिवारी चेडू नाय न्हेवचा. लोकांका वाटात पोराक फुडे करून पैसे घेतत."

पैसे त्यांनी पावडरच्या रिकाम्या डब्यात घातले, गुलाबी झाकणाच्या, आणि डबा देवाच्या फळीवर ठेवला. "ह्ये चेडवाचे. ह्येंका हात लावूचो नाय. देण्याक पण नाय. ह्ये तिच्या तोंडाचे पैसे, आमच्या तोंडाचे न्हय."

मग शनिवार सुरू झाले. श्वेता त्यांच्याकडे पाहत राहायची. शेवंतीबाईंनी पोळ्यांचं तिसरं घर धरलं. आधी सगळ्यात लहान देणं विद्याधरचं होतं, त्याच्याकडे जोर लावला, पण बाकीच्या दोघांना कधी वगळलं नाही. तिथे वीस तरी, पन्नास तरी, जमलं तर शंभर-दोनशे. एका शनिवारी निलेशचा पगार लांबला आणि हातात काहीच नव्हतं. श्वेताला वाटलं आज चुकेल. त्या तशाच गेल्या. खिडकीतून श्वेताला दुकान दिसायचं. शेवंतीबाई रांगेत उभ्या राहिल्या, नंबर आला, दोन्ही रिकामे हात काउंटरवर ठेवून काहीतरी म्हणाल्या, आणि हर्षदभाईने मान डोलावली. परत येताना त्यांची पाठ जाताना होती तेवढीच ताठ होती. रिकाम्या हाताने गेलेलं माणूस तसं परत येऊ शकतं, हे श्वेताने तोवर कधी पाहिलं नव्हतं.

"काय म्हणाला?" तिने विचारलं.

"म्हणता, मावशी, पैसे नाय तर कशाक इलास? म्हटलं, नाय ता सांगूकच इलंय."

श्वेतानेही शर्मिष्ठाकडून साड्यांना फॉल लावायचं काम आणलं. पोरगी झोपली की सुई हातात. एका साडीचे चाळीस; त्यातले वीस शर्मिष्ठाच्या देण्यात वळते, वीस हातात. दुकानातल्या हसण्याखिदळण्यात, "श्वेता, तुझा टाका म्हणजे मुंगीच्या पावलासारखा आहे गं," असं ऐकताना तिला बरं वाटायचं. आणि त्या हातातल्या विसांत घरखर्चातले काढून घालत दर पंधरा दिवसांनी आठशे व्हायचे आणि कुठेतरी निघून जायचे. घरात दूध कमी घेतलं जायचं, निलेश रिक्षाचे पैसे वाचवायला पुलापलीकडून चालत यायचा, शेवंतीबाई बाजार उठता उठता उरलेली भाजी आणायच्या, आणि त्या सगळ्याला खालून एक भोक होतं. ते भोक कुठे आहे हे फक्त तिला माहीत होतं.

एकदा शेवंतीबाईंनी विचारलं, "प्रांजल म्हणजे काय गो? माका धड म्हणूक पण येणा नाय. पांजल, पांजल करतंय."

"खरं बोलणारी," श्वेता म्हणाली. "काही न लपवणारी." आणि सुई बोटात टोचून घेतली.

विद्याधरचं देणं फिटलं तेव्हा प्रांजल सहा महिन्यांची होती. त्या दिवशी शेवंतीबाईंनी घरी शिरा केला. हर्षदभाईचे तीन हजार उरले, शर्मिष्ठाचे चार हजार. आणि नेमके त्याच आठवड्यात श्वेताचे आठशे कमी पडले. शर्मिष्ठाकडे लग्नाचं काम संपलं होतं, साड्या नव्हत्या. फोनवरचा माणूस आता रोज दुपारी बोलायचा, हिंदीत, थंडपणे. "मॅडम, आपके फोन में एक नंबर है, 'सासूबाई'. एक है, 'हर्षदभाई किराणा'. सबको मेसेज जायेगा. फोटो के साथ."

गुरुवारी दुपारी, सासूबाई तिसऱ्या घरी गेल्यावर, श्वेताने देवाच्या फळीवरचा डबा काढला. शेजारपाजारचे, चाळीतले, टॉवरमधल्या बायकांचेही मिळून त्यात आठशे बारा रुपये जमले होते. तिने आठशेच्या नोटा काढल्या. बारा नाणी राहू दिली. का राहू दिली? डबा अगदी रिकामा करायला हात धजला नाही म्हणून. पोरगी चटईवर पालथी पडून तिच्याकडे बघत होती, लाळ गाळत हसत होती. "असं बघू नको गं," श्वेता म्हणाली. आठशे नाक्यावरच्या रिचार्जच्या दुकानातून फोनवर टाकून घेतले आणि भरून टाकले.

पण नोटा होत्या तोवर नाणी त्यांच्यात दबून गप्प होती, हे तिच्या ध्यानात आलं नाही.

शुक्रवारी सकाळी शेवंतीबाईंनी फळी पुसायला डबा उचलला. डबा खुळखुळला. अगदी पोरांच्या खेळण्यासारखा खणखणीत वाजला. त्या वाजणाऱ्या डब्याकडे त्यांनी क्षणभर पाहिलं. झाकण उघडलं नाही. फळी पुसली, डबा जागेवर ठेवला. श्वेता भाकऱ्या थापत हे पाहत होती.

मग शेवंतीबाई म्हणाल्या, आवाज न चढवता, "मी तुका काय विचारणंय नाय. पैसे माझे न्हय. पण ज्याचे घेतलंस, त्याका तरी तोंड दाखव. इतक्या दिवसांत येवढा तरी शिकलंस मां?" आणि मोरीत भांडी घासायला जाऊन बसल्या, दाराकडे पाठ करून.

श्वेताने तवा उतरवला. हात पिठाचेच. पोरगी जागी होती. तिने तिला मांडीवर घेतलं, समोर धरलं. काय बोलायचं होतं कोण जाणे. तोंडातून निघालं ते हे:

"प्रांजल, मी तुझे आठशे रुपये घेतलेत. तुला न विचारता." पोरीने तिचं नाक धरलं. "माझ्याकडे आज काही नाहीये. नाही हे सांगायला आलेय." मोरीतला भांड्यांचा आवाज मंदावला. "तुझे डोळे बघायला मी एका ॲपवरून पैसे घेतले होते. चार महिने झाले. घेतले त्याहून जास्त भरले आणि तरी पाच हजार आहेतच. ते म्हणतात, सगळ्यांना सांगणार. तुझ्या आज्जीला सांगणार. मला भीती वाटली गं. तुझी आज्जी रिकाम्या हाताने रांगेत उभी राहते आणि मी… मला तिला सांगता आलं नाही."

मोरीत नळ बंद झाला. शेवंतीबाई आल्या, ओले हात पदराला पुसत. त्यांनी पोरगी घेतली नाही, की सुनेला जवळही घेतलं नाही. समोर पाट घेऊन बसल्या.

"त्येचा दुकान खंय आसा? उद्या शनिवार. जावया."

"दुकान नसतं आई. फोनमध्येच असतं."

"माणूस तरी? नाव?"

"रोज वेगळं नाव सांगतो."

"दार नाय, नाव नाय, तोंड नाय," शेवंतीबाई बोटं मोजत म्हणाल्या. "मगे त्येच्यासमोर उभा तरी खंय रवायचा?" पाट सरकवून उठल्या आणि म्हणाल्या, "निलेशाक सांग. आज."

निलेशने सगळं ऐकून घेतलं. "मला का नाही सांगितलंस, यार?" एवढंच म्हणाला.

"तू दोन महिने घरी बसून होतास. सारखा पंख्याकडे बघत राहायचास. तुला काय सांगू?"

त्याने फोन घेऊन आकडे पाहिले, हिशेब केला आणि म्हणाला, "हे आठशे-आठशे बंद. भरायचे तर एकदाच सगळे, आणि पुरावा घेऊन. नंतर त्रास दिला तर पोलिसात जाऊ." पण एकदाच सगळे आणायचे कुठून, हा प्रश्न उरलाच.

आठशे मिळूनही त्या लोकांचं पोट भरलं नव्हतं. संध्याकाळी सातला मेसेज गेले. श्वेताच्या फोनमध्ये जितके नंबर होते तितक्या सगळ्यांना. तिचा आधार कार्डावरचा फोटो, आणि खाली हिंदीत: ही बाई चोर आहे, पैसे घेऊन पळते, हिच्याशी व्यवहार करू नका. पहिला फोन मालाडहून आईचा आला. दुसरा श्वेताने उचललाच नाही.

शनिवारी दुपारी शेवंतीबाईंनी साडी नेसली. श्वेता भिंतीकडे तोंड करून पोरीला पाजत होती.

"ऊठ गो. चल."

"आई, आज नको. सगळ्यांनी बघितलंय ते. मी पुढच्या आठवड्यात येते."

"तुझे सासरे पण फुडच्या आठवड्यातच जातले होते," शेवंतीबाई म्हणाल्या. "आजच जावक होया. आणि चेडवाक घे. आज ती होयी."

श्वेता गेली. गल्ली तीच, ऊन तेच, पण तिला वाटत होतं प्रत्येक खिडकीत आपला फोटो लावलाय. हर्षदभाईच्या दुकानात चार गिऱ्हाइकं होती. सासू-सून रांगेत उभ्या राहिल्या. नंबर आला. शेवंतीबाईंनी शंभराची नोट ठेवली आणि बाजूला सरकल्या. श्वेताला कळलं की बोलायचं तिने आहे.

"हर्षदभाई," ती म्हणाली. पोरीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "तुम्हाला काल माझा एक मेसेज…"

"आला ना." त्याने खिशातून फोन काढला, चष्मा वर केला. "सातला आला. मी बायकोला दाखवला. म्हटलं, बघ, हा कोणतरी म्हणतो ही पैसे घेऊन पळते. हिची सासू वीस रुपये द्यायला पण रांगेत उभी राहते. एकदा तर काहीच नव्हतं, ते सांगायला आली. ह्या खानदानातला माणूस पळणार कुठे? पळायचं तर पुलावरून पळाले असते, गुडघे धरून." मागची गिऱ्हाइकं हसली. "मी त्या नंबरला रिप्लाय पण दिला. लिहिलं, तुझं दुकान कुठे आहे ते सांग, मी येऊन बोलतो. उत्तरच नाय."

विद्याधरने काउंटरवरून फक्त मान वर केली आणि म्हणाला, "वहिनी, तो नंबर ब्लॉक करा. मी केला," आणि पुन्हा गोळ्यांची पट्टी कापायला लागला. इतकं साधं बोलला की श्वेताच्या डोळ्यांत तिथेच पाणी आलं.

शर्मिष्ठा मात्र चिडलेली होती. "बैस," ती म्हणाली. श्वेता मशीनजवळच्या स्टुलावर बसली. "किती द्यायचेत?"

"पाच हजार."

"मला दोन महिने फॉल लावून देतेयस, तोंडातून शब्द नाही. मुंगीचा टाका घालते म्हणे. मुंगी पण साखर कुठे आहे ते दुसऱ्या मुंगीला सांगते गं बये." तिने ड्रॉवर उघडला. "या महिन्याची भिशी माझी निघालीय. बारा जणींचे सहा हजार. हे पाच घे. नवऱ्याला फ्रिज घ्यायचाय, तो अजून चार महिने माठातलं पिऊ दे, तब्येतीला बरं."

शेवंतीबाई पुढे झाल्या. "शर्मिष्ठा, तुझे चार हजार आधीच आहेत आमच्यावर. मी म्हटलं होतं, नवीन उसनं घेणार नाही."

"मग आता नऊ होतील. तुम्ही शनिवारी येताच ना काकी? माझा शनिवार नऊचा."

शेवंतीबाई श्वेताकडे वळून म्हणाल्या, "नवीन कर्ज नाय ह्या. कर्ज तेवढाच. फक्त बिनतोंडाच्या घरातसून तोंडाच्या घरात आणूचा." आणि शर्मिष्ठाला: "फॉलचे आता पूर्ण चाळीस वळते कर. अर्धे नाही."

त्याच संध्याकाळी निलेशने पैसे भरले, प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवला. तरी दोन दिवस फोन येतच राहिले, तेव्हा तो सगळे पुरावे घेऊन पोलीस ठाण्यात तक्रार देऊन आला. मग हळूहळू फोन थांबले. दुपारी फोन वाजला की श्वेता तो आधी उशीखाली सरकवायची. ती सवय जायला फार दिवस लागले. पण शनिवार आता तिचे होते. शेवंतीबाई गुडघ्यांना तेल लावत घरी बसायच्या आणि ती जायची, कधी तीनशे घेऊन, कधी फक्त फॉल लावलेल्या सहा साड्या घेऊन. परत आली की न चुकता पोरीसमोर बसायची. "प्रांजल, आज दहा आणलेत," म्हणायची आणि नोट डब्यात टाकायची. डबा अजून वाजायचा, पण पहिल्यासारखा नाही.

नऊ महिन्यांच्या डोसला तिघी निघाल्या. हर्षदभाईचं देणं आदल्या शनिवारीच फिटलं होतं, त्याने पोरीच्या हातात बिस्किट दिलं आणि ती ते खाईपर्यंत सोडलं नाही. विद्याधरने तापाचे थेंब आधीच काढून ठेवले होते, आणि शेवंतीबाईंच्या गुडघ्यांची चौकशी केली, सविस्तर. शर्मिष्ठाने पोरीला कडेवर घेऊन गिऱ्हाइकांच्या ब्लाउजची मापं तशीच टाकली, आणि तिच्या अंगात नवं झबलं घालून बघितलं, ते लहान झालं म्हणून श्वेतालाच बोलली. मधे चाळीतल्या दोघी भेटल्या. नाक्यावर नारळवाला भेटला, त्यालाही काही सांगायचं होतं.

दवाखान्यात पोचल्या तेव्हा नर्सबाई पेटी बंद करायच्या बेतात होत्या. कार्डावरचा पत्ता पाहून त्यांनी चष्म्यावरून शेवंतीबाईंकडे पाहिलं. "मावशी, इथून सहा मिनिटांवर राहता. एवढा उशीर? मागे पुलावरून उतरताना दिसायचात, तरी वेळेवर यायचात."

"आज सरळ इलंव," शेवंतीबाई म्हणाल्या, पोरीची बाही वर सारत. "म्हणान उशीर झालो."